पाव डॉलरचं नाणं आणि संग्राहकाचं पोट

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. माणूस वस्तूंवर प्रेम करतो म्हणजे नक्की काय करतो, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. आणि त्या प्रेमावरच त्याची चूल पेटायला लागली, की त्या प्रेमाचं काय होतं, हा त्याहून अवघड. पुस्तकं किंवा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा टोकाला जात नाही. तिकीट वहीत निवांत झोपतं, त्याला खायला-प्यायला लागत नाही. पण सव्वाशे किलोचं, चाळीस वर्षांपूर्वीचं, आत पिक्चर ट्यूब असलेलं आणि कुणीतरी बटणं बडवल्याशिवाय ज्याला काही अर्थच नाही असं यंत्र ज्याने जमवलं, त्याचं कसं होतं? आणि एक नव्हे, तीनशे, पाचशे, हजार जमवली तर?

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत. सत्काराच्या मानपत्रात आपण लिहितो, ‘त्यांनी छंद जोपासला’. घरात बायको म्हणते, ‘यांना नाद लागलाय’. वस्तू तीच, माणूस तोच. फरक एवढाच, की खर्च कुणाच्या खिशातून होतोय. आज आपण अमेरिकेतल्या अशा काही नादिष्ट माणसांचा इतिहास पाहणार आहोत, ज्यांनी या नादाचं उपजीविकेत रूपांतर केलं. अमेरिकाच का? कारण ही यंत्रं तिथे गल्लोगल्ली होती, तिथेच ती मोडीत निघाली, आणि ती उचलून ठेवण्याएवढी मोठी गॅरेजंही तिथेच होती.

आधी ‘आर्केड’ या शब्दाकडे बघू. मूळ अर्थ कमानींची रांग. मग युरोपातल्या शहरांत वर छप्पर घातलेल्या, दोन्ही बाजूंना दुकानं असलेल्या गल्ल्यांना हे नाव पडलं. पुढे अमेरिकेत एक सेंट टाकला की भविष्य सांगणारी, हलती चित्रं दाखवणारी, ताकद मोजणारी यंत्रं ज्या दालनांत मांडली जात, ती झाली ‘पेनी आर्केड’. पॅरिसमधल्या त्या जुन्या छतबंद गल्ल्यांवर वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने वर्षानुवर्षं टिपणं काढली. १९४० मध्ये तो गेला, ते काम अपुरंच राहिलं. त्यात संग्राहकाबद्दल त्याचं एक मार्मिक निरीक्षण आहे. त्याचा आशय असा, की संग्राहक वस्तूला उपयोगाच्या जोखडातून सोडवतो. चमचा जमवणारा त्या चमच्याने जेवत नाही. आता गंमत बघा. ज्या शब्दाभोवती बेन्यामिनने आयुष्य घालवलं, त्याच शब्दाच्या आजच्या अर्थातले संग्राहक बरोबर उलटं करताना दिसतात. ते वस्तूला पुन्हा कामाला जुंपतात. हे का घडलं, तेच आज सांगायचंय.

इतिहास थोडक्यात. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांचं ‘बॅफल बॉल’ हे पिनबॉल यंत्र आलं आणि मंदीच्या काळात धडाधड खपलं. तेव्हा त्यात चेंडू खालून परतवणारे पंखे, म्हणजे फ्लिपर, नव्हते. ते १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात आले. फ्लिपर नाहीत म्हणजे चेंडू सोडला की बाकी सगळं नशिबावर. म्हणून हा जुगारच, असं ठरवून न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी १९४२ मध्ये बंदी घातली. पोलिसांनी यंत्रं जप्त केली आणि महापौरांनी स्वतः हातोडा घेऊन ती फोडतानाचे फोटो काढून घेतले. ही बंदी चौतीस वर्षं टिकली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने शहराच्या प्रतिनिधींसमोर प्रत्यक्ष यंत्र खेळून दाखवलं. चेंडू वरच्या मधल्या वाटेने जाईल असं आधी सांगितलं आणि तसाच घालवला. खेळात कौशल्य आहे हे सिद्ध झालं, बंदी उठली. हाच गृहस्थ पुढे पिनबॉल बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीत नोकरीला लागला. नादाची नोकरी होण्याचं हे एक उदाहरण, पण त्याला यंत्रं सांभाळायची नव्हती, त्यामुळे त्याला इथेच सोडू.

व्हिडिओ यंत्रांचा काळ १९७१-७२ पासून. अटारी कंपनीचं ‘पाँग’ कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात चाचणीसाठी ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं म्हणून अ‍ॅल अ‍ॅल्कॉर्न हा त्याचा इंजिनियर बघायला गेला. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, नाण्यांचा डबा भरून वाहत होता. मग १९७८ चं ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० चं ‘पॅक-मॅन’, १९८१ चं ‘डाँकी काँग’. ‘टाइम’ साप्ताहिकाने जानेवारी १९८२ मध्ये या खेळांवर मुखपृष्ठकथा केली. १९८१ या एका वर्षात अमेरिकनांनी या यंत्रांत वीस अब्ज पाव-डॉलर टाकले, असा आकडा तिने दिला. पाव डॉलरला तिकडे ‘क्वार्टर’ म्हणतात. आपल्याकडे चार आण्याला पावली म्हणत, म्हणून आपण त्याला आज पावलीच म्हणू. वीस अब्ज पावल्या म्हणजे पाच अब्ज डॉलर.

आणि मग दोन-तीन वर्षांत सगळं ओसरलं. हा भाग महत्त्वाचा आहे, कारण संग्राहकाचा जन्म नेहमी ओहोटीत होतो.

ही यंत्रं बहुधा दुकानदाराच्या मालकीची नसत. ‘ऑपरेटर’ नावाचा एक मधला माणूस असे. तो यंत्र विकत घेई, हॉटेलात, लाँड्रीत, पिझ्झाच्या दुकानात ठेवी, आठवड्याला येऊन डबा उघडी, आणि जमलेली रक्कम दुकानदाराशी साधारण निम्मी-निम्मी वाटून घेई. त्याला यंत्राबद्दल माया असण्याचं कारण नव्हतं. डबा रिकामा येऊ लागला की तो काय करी? तीच लाकडी पेटी, तीच पिक्चर ट्यूब ठेवून आतला बोर्ड काढून नव्या खेळाचा बोर्ड बसवी आणि बाहेरच्या चित्रांवर रंग मारी. हजारो यंत्रं अशी गेली. उरलेली गोदामात, नाहीतर लिलावात कवडीमोलाने. संग्राहकांना माल मिळाला तो इथून. ज्या वस्तूला कालपर्यंत माणसं रांगा लावत होती आणि पन्नास वर्षांनी संग्रहालयं मागे लागणार होती, ती मधल्या काळात अडगळ असते. संग्रहाची सगळी कला म्हणजे त्या अडगळीच्या काळात तिथे हजर असणं.

‘मूळ यंत्र’ म्हणजे काय, यावर इथेच एक गोष्ट सांगून टाकू. निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची तीन हजारांच्या आसपास यंत्रं मागवली. त्यातली बहुतेक पडून राहिली. मग शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराला सांगण्यात आलं, की याच यंत्रांत चालेल असा दुसरा खेळ काढ. त्याने काढला तो ‘डाँकी काँग’. अमेरिकेतली डाँकी काँगची पहिली लाल रंगाची यंत्रं ही बोर्ड बदललेली रडार स्कोपची यंत्रं आहेत. आज तीच लाल यंत्रं संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत अस्सल. ऑपरेटरने पेटी बदलली तर ती भ्रष्ट, कंपनीने बदलली तर ती दुर्मीळ. अस्सलपणाचा निकष कारखान्याच्या फाटकाशी संपतो, असं दिसतं.

आता माणसांकडे येऊ. पहिला एडवर्ड झेलिन्स्की, सॅन फ्रान्सिस्कोचा, जन्म १९२२ चा. वय वर्षं अकरा असताना त्याने सिनेमागृहातल्या बिंगोच्या खेळात पहिलं बक्षीस जिंकलं. बक्षीस काय, तर मोटारीचं इंजिन ऑइल! ते विकून आलेल्या पैशातून त्याने एक सेंट टाकून खेळायचं एक यंत्र घेतलं. मित्रांनी त्यात सेंट टाकले, त्यातून पुढचं यंत्र आलं. म्हणजे या संग्रहाचं पहिलं भांडवलच मुळी संग्रहातल्या वस्तूने कमावलेलं. हे लक्षात ठेवा, कारण आपण ज्याला छंदाचा व्यवसाय होणं म्हणतो, ते या पोराच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात झालं होतं. पुढे त्याचा संग्रह तीनशेच्या वर गेला. समुद्रकाठच्या ‘प्लेलँड’ या मनोरंजननगरीतली, १९७२ मध्ये ती बंद पडल्यावर बेवारस होऊ घातलेली यंत्रंही त्यात आली. त्यातली ‘लाफिंग सॅल’ ही कागदाच्या लगद्याची, माणसाहून मोठी बाई. नाणं टाकलं की ती अंग घुसळत खदाखदा हसते. लहान मुलं तिला बघून रडतात, आणि आम्हाला त्यात मुलांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

‘म्युझे मेकानिक’ या नावाने हा संग्रह क्लिफ हाउस या समुद्रावरच्या इमारतीत होता. २००२ मध्ये तिथल्या दुरुस्तीच्या कामामुळे जागा सोडावी लागली, तेव्हा तो बंदरावरच्या पिअर ४५ या धक्क्यावर गेला. आत जायला तिकीट नाही. यंत्रं नाण्यांवर चालतात. एक सेंटाच्या काळातलं यंत्र असेल तर आज पावली, एवढाच बदल. २००४ मध्ये एडवर्ड गेले. त्यांचे चिरंजीव डॅनियल ते चालवतात. चालवतात म्हणजे कार्यालयात बसतात असं नाही, पान्हा-पेचकस घेऊन स्वतः यंत्रं उघडतात. बापाला दुसऱ्या मिळकतीचा आधार होता, मुलाच्या बाबतीत हा संग्रहच काम झाला. छंद एका पिढीचा, नोकरी दुसऱ्या पिढीची. वारशात माणसाला घर मिळतं, जमीन मिळते. इथे वारशात तीनशे दुखणाईत मिळाले.

दुसरा माणूस टिम अर्नोल्ड. हा मिशिगन राज्यातला. सत्तरच्या दशकात भावाबरोबर त्याने ‘पिनबॉल पीट्स’ नावाची खेळघरं काढली, म्हणजे तो जातीचा धंदेवाला. पण ऑपरेटर जी यंत्रं मोडीत काढत, ती हा ठेवून घेत गेला. १९९० मध्ये धंद्यातून बाहेर पडून तो लास व्हेगासला आला, तोवर त्याच्यापाशी हजाराच्या घरात यंत्रं झाली होती. हजार पिनबॉल यंत्रं! पाय काढून उभी करून ठेवली तरी केवढी जागा लागेल! त्याने आपल्या आवारात लोकांना खेळायला बोलवायला सुरुवात केली आणि जमलेले पैसे साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला द्यायला लागला. त्यातूनच २००६ मध्ये ‘पिनबॉल हॉल ऑफ फेम’ उभं राहिलं. इथेही प्रवेशाला तिकीट नाही. पावली टाका, खेळा. खर्च वजा जाता उरलेलं दानात. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. २०२१ मध्ये ते शहराच्या मुख्य रस्त्यावर मोठ्या जागेत गेलं आणि इमारतीवर राक्षसी अक्षरांत एकच शब्द लावला, ‘पिनबॉल’.

आता तुम्ही म्हणाल, दान करतोय तर ही उपजीविका कसली? इथे आपल्याला ‘करिअर’ या शब्दाची थोडी झडती घ्यावी लागेल. पगार मिळतो तेच करिअर, असं आपण समजतो. पण माणसाचा दिवस कशात जातो, त्याच्याकडे लोक कशासाठी येतात, आणि तो नसला तर काय बंद पडेल, या तीन प्रश्नांची उत्तरं एकच असतील, तर ते त्याचं काम. पगाराचा मुद्दा उरतोच, आणि तो या क्षेत्रात फार निष्ठुर आहे. बघू या.

१९८१ मध्ये एका खेळाला एक पावली पडत असे. अमेरिकेतली महागाई तेव्हापासून चाळीस वर्षांत सुमारे तिप्पट झाली. दुकानाचं भाडं वाढलं, विजेचं बिल वाढलं, कारागिराची मजुरी वाढली. यंत्राच्या तोंडाची भेग मात्र पावलीच्या मापाचीच राहिली. जुनं यंत्र बघून माणसाला जुना काळ आठवतो आणि त्या जुन्या काळाची किंमतही पावलीच असते. तिथे तुम्ही चार पावल्या मागितल्या की त्याचा मोड बिघडतो. म्हणजे संग्राहक जी वस्तू विकतोय, त्या आठवणीतच तिचा जुना भाव कोरलेला आहे. भाव वाढवला तर आठवण खोटी, न वाढवला तर दुकान बंद. या पेचातून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या.

ब्रुकलिनमध्ये २००४ साली चार मित्रांनी ‘बारकेड’ काढलं. त्यांच्यातल्या एकाने आधी राहत्या घरातच यंत्रं ठेवली होती. मित्र यायचे, खेळायचे, प्यायचे. यांना वाटलं, हेच मोठ्या जागेत करू. खेळ पावलीलाच ठेवला, कमाई बिअरवर. ही युक्ती इतकी लागू पडली, की पुढे तसल्या जागांचं पीकच आलं. आम्हाला त्यात एकच खटकतं, की यंत्र तिथे हळूहळू सजावट होऊ शकतं. हॉटेलात भिंतीवर टांगलेली वीणा पाहिलीय ना तुम्ही? तसं. अर्थात जिथे मालकालाच खेळाचं वेड आहे तिथे यंत्रं चोख असतात, हेही खरं.

न्यू हॅम्पशायरमधलं ‘फनस्पॉट’ हे १९५२ पासूनचं, बॉब लॉटन यांनी सुरू केलेलं खेळघर. तिथे गॅरी व्हिन्सेंट हा कर्मचारी होता. नवे खेळ आले की जुने कोपऱ्यात ढकलायचे, हा धंद्याचा रिवाज. १९९८ च्या सुमाराला या दोघांनी ते जुने खेळ एकत्र आणून मांडले आणि त्याचं ‘अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम’ झालं. ना-नफा तत्त्वावर चालणारं, देणग्या घेणारं. इथे नोकराने मालकाच्या अडगळीतून संग्रहालय केलं. स्वतःची यंत्रं नसतानाही संग्राहक होता येतं, याचा हा दाखला.

आणि शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड या उपनगरात डॉक मॅक यांनी २०१० मध्ये ‘गॅलोपिंग घोस्ट’ सुरू केलं. त्यांनी पावलीचा पेच एका झटक्यात मोडला. दारात एकदा पैसे भरा, मग दिवसभर वाट्टेल तेवढं खेळा. सुरुवातीला पंधरा डॉलर होते, यंत्रं एकशे तीस. आता यंत्रं नऊशेच्या वर आहेत. कधी बाजारातच न आलेला ‘प्रायमल रेज २’ सारखा खेळही तिथे खेळता येतो. पण दर बदलला की खेळही बदलतो. पावली टाकून खेळणारा प्रत्येक जीव जपून खेळतो, त्याच्या हाताला घाम सुटतो. दिवसभराचे पैसे भरलेला माणूस मेला की पुन्हा बटण दाबतो. यंत्र तेच, बोर्ड तोच, पण त्यातली भीती गेली. १९८१ चा अनुभव जतन करायचा तर ती भीतीही जतन करायला हवी का? आमचं मत, हवी. पण भाडं आम्हाला भरायचं नाहीये, हेही तितकंच खरं. नऊशे यंत्रं चालू राहिली ती त्या निर्णयामुळे.

कोणतीही वाट घ्या, दिवसाचं काम मात्र एकच, दुरुस्ती. हे बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर खेळायचं! प्रत्यक्षात हा माणूस दिवसभर डाग देत बसलेला असतो. कपॅसिटर वाळतात, ते बदलायचे. जुन्या बोर्डावरची बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, त्या पुन्हा जोडायच्या. पॅक-मॅनचा चक्रव्यूह वर्षानुवर्षं पडद्यावर एकाच जागी राहिल्यामुळे पिक्चर ट्यूबवर कायमचा भाजला जातो; यंत्र बंद केलं तरी तो दिसतो, भुतासारखा. आता तसल्या ट्यूबा बनवणारे मोठे कारखाने उरलेले नाहीत. ‘अ‍ॅस्टरॉइड्स’सारख्या खेळांत तर चित्र ठिपक्यांचं नसतं, सरळ रेषांनी काढलेलं असतं, त्याचा पडदा आणखी वेगळ्या जातीचा, आणखी दुर्मीळ. म्हणून ज्याला या छंदावर जगायचंय त्याने आधी डाग द्यायला शिकावं, मग यंत्र घ्यावं. बरेच जण उलट क्रमाने जातात आणि त्यांच्या गॅरेजात बंद पेट्यांची भिंत उभी राहते.

सगळ्यांत विलक्षण प्रकार आहे तो ‘आत्मघातकी बॅटरी’चा. हौशी लोकांनी दिलेलं हे नाव. कॅपकॉम कंपनीने नव्वदच्या दशकात चोरट्या नकलांना कंटाळून खेळाचा प्रोग्राम कुलूपबंद केला आणि त्याची किल्ली बोर्डावरच्या स्मृतीत ठेवली. त्या स्मृतीला जिवंत ठेवी एक छोटी बॅटरी. बॅटरी संपली की किल्ली पुसली गेली, आणि धडधाकट बोर्ड कायमचा मुका. कुणी चोरी केलेली नसली तरी, नुसता काळ गेला म्हणून! इथे आपला महाराष्ट्रही येतो. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना ‘मुस्तफा’ आठवत असेल. व्हिडिओ गेमच्या पार्लरात रुपया टाकून खेळायचा तो. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचं, १९९३ चं. मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचं नाव, आपल्या पोरांनी तेच खेळाला देऊन टाकलं. त्याच्या मूळ बोर्डातही ही आत्मघाताची तजवीज होती. आपल्याकडच्या पार्लरांत पुष्कळदा असायचे ते नकली बोर्ड, आवाज बदललेले, आणि त्यांत सहसा ही बॅटरी नसे. नकलेला मरण नाही आणि अस्सल मात्र घड्याळ लावून जन्माला आलेलं, असा हा उफराटा न्याय.

ही कुलपं शेवटी फोडली ती हौशी मंडळींनीच. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ मध्ये ‘मेम’ हा प्रोग्राम सुरू केला. जुन्या यंत्रांचं वागणं साध्या संगणकावर हुबेहूब चालवून दाखवणारा. कॅपकॉमच्या कुलपाचं गणितही याच वर्तुळात उलगडलं. मग मेलेले बोर्ड पुन्हा बोलते करण्याच्या रीती निघाल्या. यावर कुणी विचारेल, की सगळे खेळ संगणकावर चालतात तर सव्वाशे किलोची धुडं सांभाळायची कशाला?

आपल्या परंपरेत यावर फार चांगलं भांडण आहे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद तुम्हाला माहीत असेल. नागसेन विचारतात, राजा, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ हे या भागांच्या जुळणीवर ठेवलेलं नुसतं नाव. यावर नैयायिक म्हणतात, छे, अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो. पण मग अवयव बदलला की जुना अवयवी गेला, नवा जन्मला, हेही त्यांना मानावं लागतं. दुरुस्ती करणाऱ्या संग्राहकाची गत या दोघांच्या मध्ये. ट्यूब बदलली, कपॅसिटर बदलले, बटणं बदलली, बाजूचं चित्र नव्याने छापून लावलं. नागसेनांच्या मते काही हरकत नाही, जुळणी कायम आहे. नैयायिकाच्या मते हे नवंच यंत्र. कारागीर मात्र तिसरंच उत्तर देतो. तो पावली टाकतो आणि कानाने ऐकतो. नाणं खटकन पडलं, दांडा हाताला पूर्वीइतकाच जड लागला, बाजूला उभ्या माणसाचा खांदा लागला, तर यंत्र तेच. संगणकावर हे तिन्ही नाहीत. म्हणून बेन्यामिनचा संग्राहक इथे उलटा फिरतो. न वापरलेल्या यंत्राचं वंगण घट्ट होतं, जोडण्या गंजतात. उपयोगातून सोडवलं की ही वस्तू मरते.

पण वापरलं की झिजते. आपलं जीव लावून मिळवलेलं यंत्र रोज शंभर अनोळखी पोरांच्या चिकट हातांत द्यायचं, त्यांनी ते बडवायचं, रात्री आपण उघडायचं. इथे बरेच संग्राहक कच खातात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनी दुसरा पोटापाण्याचा उद्योग ठेवावा आणि यंत्रं घरात ठेवावीत. पुण्याचे दिनकर केळकर, कवितेतले ‘अज्ञातवासी’, यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्या पोटावर त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं गोळा केली आणि शेवटी सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. अडकित्ता मात्र काचेमागे राहू शकतो, त्याने सुपारी कातरलीच पाहिजे असा आग्रह कुणी धरत नाही. पिनबॉलवाल्याला ती सोय नाही. म्हणून यंत्रांच्या बाबतीत छंदाचा व्यवसाय होतो त्या दिवशी माणूस मालक राहत नाही, राखणदार होतो. किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात, पण यंत्राजवळ उभं राहण्याचा हक्क रांगेतल्या पोराचा.

२३ मे २०२० रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ४५ वर मोठी आग लागली. धक्क्यावरचं एक आख्खं गोदाम जळून गेलं. त्याच धक्क्यावर झेलिन्स्कींची तीनशे यंत्रं होती. साथीमुळे दार तेव्हा बंद होतं, म्हणजे एकही पावली येत नव्हती. अग्निशामक दलाने आग पुढे सरकू दिली नाही आणि संग्रह वाचला. यंत्रं पुन्हा सुरू झाली. अजूनही दाराशी कुणी तिकीट मागत नाही, आणि लाफिंग सॅल नाणं पडलं की हसते.

आम्ही इथे थांबतो. मागच्या रांगेतून केव्हाचा एक हात वर आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.